मनोरीच्या खोल्या, अंधेरीचा सर्व्हर

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये जुने चार्जर साठतात, कुठल्या फोनचे ते कोणालाच आठवत नाही आणि टाकवतही नाहीत, तसे ते साठत जातात. मला रोज दिवसभराचं पानभर लिहायची सवय आहे, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठले. जेवणाच्या सुट्टीत कोणी नवीन माणूस बसला की सोनाली म्हणते, "ताई, तो दाराचा सांगा ना." दाराचा सांगितला की फोटोचा सांगावा लागतो, आणि फोटोचा सांगितला की पापलेटचा. म्हणून एकदाचे मनोरीचे सगळे ओळीने सांगून टाकते.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, एका इंडस्ट्रियल इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात. खालच्या गाळ्यात पॅकिंगचे खोके बनतात, वर आम्ही जावा नावाच्या प्रोग्रॅमच्या भाषेत वेबसाइट बनवतो. माणसं मोजकीच. शिरीष सर मालक. मुलुंडची सोनाली गायकवाड प्रोग्रॅम लिहिते, मी तो तपासते, आणि भांडुपचा परब तो सर्व्हरवर चढवतो.

चढवणं म्हणजे काय ते इथेच सांगते. सोनालीने लिहिलेलं सगळं एका फाइलमध्ये बांधायचं. ती फाइल दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या मशीनवर पाठवायची. त्या मशीनवर ॲप्लिकेशन सर्व्हर नावाचा एक प्रोग्रॅम चोवीस तास जागा असतो, त्याच्या स्वाधीन करायची. तो ती सोडतो, मांडतो आणि लोकांना दाखवतो. निदान दाखवावी अशी अपेक्षा असते.

आमचे मोठे गिऱ्हाईक मनोरीचे डॉमनिक अंकल. त्यांच्या आणि गोराईतल्या त्यांच्या भावंडांच्या मिळून समुद्राकाठी काही कॉटेजेस आहेत. सगळ्या खोल्या एका बैठ्या चाळीत मावतील एवढ्याच. लोकांनी फोनवर खोली बघावी आणि तारीख टाकावी, एवढंच अंकलना हवं होतं. सरांनी त्यांच्यासाठी एखाद्या बँकेला पुरेल असा सर्व्हर घेतला.

मी एकदा विचारलं, "सर, एवढ्याशा खोल्यांना एवढा मोठा सर्व्हर?"

"मॅडम, उद्या स्केल झालं, धंदा वाढला तर?"

परब मान वर न करता म्हणाला, "सर, पुढे समुद्र, मागे खाडी. स्केल व्हायचं कुठे?"

ज्या हिवाळ्यात हे सगळं घडलं, त्या हिवाळ्यात परबला गावी जायचं होतं. त्याचं गाव मालवणच्या बाजूचं. तिथल्या ग्रामदेवीच्या जत्रेत पालखीपुढे मशाल धरायचा मान वाडीतल्या घरांमध्ये फिरता असतो. मागच्या खेपेला तो परबांच्या घरी आला तेव्हा मशाल परबच्या वडिलांनी धरली होती. वडील आता नाहीत. थोरला म्हणून यंदा मशाल ह्याच्या हातात.

पण सर्व्हरचा पासवर्ड एकट्या परबकडे. सुरक्षिततेसाठी, असं सरांचं म्हणणं. त्यामुळे परबची रजा म्हणजे सगळ्या ऑफिसची पंचाईत. सर म्हणाले, "जा ना, मी कुठे नाही म्हणतोय? अंकलचं नवीन व्हर्जन चढव, ते एक पूर्ण दिवस उतरवायला न लागता चालू दे, अंकलचा होकार येऊ दे. मग खुशाल जा."

परब माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "ताई, माझो मान चुकलो तर वाडीत तोंड दाखवूक जागा रवणार नाय."

"कशाला चुकेल? जत्रेला अजून दीड महिना आहे," मी म्हणाले. दीड महिन्यात एक व्हर्जन चढतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

*

पहिल्यांदा चढलं तेव्हा सगळं दिसलं, फक्त खोल्यांचे फोटो दिसले नाहीत. खोलीच्या जागी पांढरे चौकोन.

सोनाली म्हणाली, "माझ्या मशीनवर दिसतायत."

"मग अंकलच्या गिऱ्हाइकांना तुझ्या मशीनसमोर बसव," परब म्हणाला.

शोधलं तेव्हा कळलं की फोटो कुठे ठेवायचे हे प्रोग्रॅमला सांगताना सोनालीने स्वतःच्या मशीनचा पत्ता दिला होता: डी ड्राइव्ह, त्यात सोनाली, त्यात फोटो. सर्व्हरवर डी ड्राइव्ह नावाचा प्रकारच नाही. दुसऱ्या एखाद्याने तक्रार केली असती. हा सर्व्हर गुणी. त्याने पत्ता हेच फोटोचं नाव समजून डीपासून शेवटपर्यंत लांबलचक नावाच्या फाइली बनवल्या आणि त्या भलत्याच कोपऱ्यात नीट ठेवून दिल्या. अंकल इकडे मनोरीत बसून तेच फोटो पुन्हापुन्हा पाठवत होते, आणि तो ते पुन्हापुन्हा ठेवत होता.

अंकलचा फोन आला. "फोटो गेला असं सांगतो, पण दिसत नाय. गेला कुठं?"

सोनाली खरं बोलणारी मुलगी. "अंकल, तो माझ्या डी ड्राइव्हच्या नावाने गेलाय."



"माझ्या खोलीचा फोटो तुझ्या नावावर कसा केला?" अंकल म्हणाले. "भावांना कळलं तर भांडणं होतील."

व्हर्जन उतरवलं.

*

दुसऱ्या वेळी फोटो दिसले. परबने चढवलं, मी तपासलं, सोनालीने तपासलं, आणि केबिनमधून सरांचा आवाज आला, "परब, जुनंच दिसतंय."

सर्व्हरला एकदा तयार केलेली पानं साठवून ठेवायची सवय असते, त्यामुळे असं होतं. परबने साठवलेली पानं पुसली. "आता बघा सर."

"जुनंच आहे."

परबने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. "आता?"

"अरे जुनंच आहे. आणि 'बुक करा' दाबलं तरी काही होत नाहीये."

सोनालीने तिच्या फोनवर पाहिलं, मी माझ्या मशीनवर पाहिलं. आम्हाला नवीन दिसत होतं. परबने वैतागून अख्खं व्हर्जन पुसलं आणि मुळापासून चढवायला घेतलं. जेवणाची वेळ टळून गेली. शेवटी मी उठून केबिनमध्ये गेले.

सरांच्या स्क्रीनवर, पूर्ण स्क्रीनभर, सोनालीने सकाळी मेलवर पाठवलेलं चित्र उघडं होतं. 'जुनं पान असं दिसत होतं' म्हणून तिने ते पाठवलं होतं.

"सर, हा फोटो आहे," मी म्हणाले.

सरांनी चित्रातलं 'बुक करा' आणखी एकदा दाबून पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मग ह्याच्यावर बटण कशाला ठेवलंय?"

*

आता दाराचा.

सर्व्हरवर भरपूर जागा रिकामी होती आणि रिकामी जागा सरांना बघवत नाही. त्यांनी आमच्या हजेरीचं ॲप्लिकेशनही त्याच सर्व्हरवर ठेवायला लावलं. ऑफिसच्या काचेच्या दाराशी एक यंत्र. त्याच्यावर बोट ठेवलं की ते सर्व्हरला विचारायचं, हा आपला माणूस आहे का? सर्व्हर हो म्हणाला की दार उघडायचं. बाहेर पडतानाही बोट, कारण कोण किती वेळ चहाला जातं हे सरांना बघायचं होतं.

थोडक्यात, मनोरीच्या खोल्यांसाठी सर्व्हर बंद केला की अंधेरीचं दार बंद. हे आम्हा चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

एके दिवशी दुपारपर्यंत सर ऑफिसला आलेच नव्हते. परबने सर्व्हर बंद केला, नवीन व्हर्जन ठेवलं आणि चालू केला. हा मोठा सर्व्हर चालू व्हायलाही मोठा वेळ घेतो. तेवढ्यात सर आले, बोट ठेवलं, दार उघडेना. त्यांनी काचेपलीकडून परबला फोन लावला.

"परब, दार उघडत नाहीये."

"सर, सर्व्हर चालू होतोय. जरा थांबा."

"ते काय करतोयस ते आत्ताच्या आत्ता बंद कर आणि दार उघड."

"बंद आहे म्हणूनच तर दार उघडत नाहीये सर."

"मग बंद कशाला केलास?"

"तुम्हीच म्हणालात चढव म्हणून."

दोघांमध्ये फक्त काच. दोघांच्याही कानाला फोन. सोनाली परबला म्हणाली, "दादा, फोन ठेव की. ते इथूनच ऐकू येतायत."

सरांचा पारा चढला. "रद्द कर. सगळं रद्द कर." परबने हुकूम पाळला आणि चालू होत आलेला सर्व्हर मधेच तोडला. त्यानंतर तो धड चालू होईना, धड बंद होईना. जिन्यात उकडत होतं. शेवटी खालच्या खोकेवाल्यांकडचा एक माणूस पेचकस घेऊन आला आणि त्याने बिजागऱ्या खोलून दार बाजूला काढलं. सर आत आले, आणि दार नसलेल्या चौकटीशी थांबून सवयीने त्यांनी यंत्रावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दाराला साधी कडी बसली. हजेरीच्या यंत्रात मात्र त्या दिवशी शिरीष सर गैरहजर आहेत. आजही आहेत.

*

पुढचं व्हर्जन चढलं आणि चांगलं वीसेक तास चाललं. परबने जत्रेआधीच्या शुक्रवारच्या गाडीचं तिकीटही बघून ठेवलं. मग मनोरीहून फोन आला.

"शनिवारचे पाहुणे आज शुक्रवारी आले," अंकल म्हणाले. "माझ्याकडे शनिवार लिवलंय. त्यांच्या मेलवर शुक्रवार लिवलंय. आता त्यांना काय उद्यापर्यंत जेट्टीवर बसवू?"

परबला लगेच कळलं. खोलीची तारीख म्हणजे त्या दिवसाची सुरुवात, आपल्याकडची मध्यरात्र. पण सर्व्हरचं घड्याळ आपल्या वेळेवर नव्हतंच. ते हिवाळ्यातल्या लंडनच्या वेळेवर लावलेलं होतं. आपल्याकडे शनिवार लागतो तेव्हा तिथे अजून शुक्रवारची संध्याकाळ असते. पाहुण्यांना जाणारा मेल सर्व्हर लिहायचा, म्हणून त्यात शुक्रवार; अंकलना दिसणारं पान त्यांच्याच फोनच्या घड्याळावर, म्हणून तिथे शनिवार.

हे सगळं सोनालीने अंकलना नीट समजावून सांगितलं. अंकलनी ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचा कॉम्प्युटर लंडनच्या टायमावर चालतो."

"हो अंकल."

"आणि खोली मनोरीला हाय."

"हो."

"मग मधे तुमी कोण?"

त्या रात्री पाहुण्यांना अंकलनी स्वतःच्या घरात झोपवलं आणि आमच्याशी बोलताना एक अट घातली: आता सीझन सुरू झाला, नाताळची बुकिंग येतील, यापुढे माझं दुकान एक मिनिटही बंद दिसता कामा नये. जे करायचं ते चालू ठेवून करा.

परबने घड्याळ दुरुस्त केलं. तिकीट काढायचं तसंच राहिलं. 

*

प्रोग्रॅम मधेच अडला की सर्व्हर स्क्रीनवर ओळींचा एक भला मोठा ढीग ओततो. प्रोग्रॅमच्या कुठल्या भागाने कोणाला हाक मारली, त्याने पुढे कोणाला मारली, असं सगळं. ते गिऱ्हाइकाला दिसू नये असा नियम आहे. अंकलना दिसलं.

सोनाली म्हणाली, "अंकल, स्क्रीनचा फोटो काढून पाठवा."

"फोटो पाठवला की तुझ्या नावावर होतो. मी वाचून दाखवतो."

"मग फक्त सगळ्यात खाली 'कॉज्ड बाय' लिहिलंय, कशामुळे अडलं ते, तेवढीच ओळ वाचा."

"वरून सुरू केलंय. वरूनच जाणार."

आणि ते वाचू लागले. सावकाश, एकेक अक्षर, क्रुसापुढे प्रार्थना म्हणावी तशा ठाय लयीत. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'ॲट' यायचं, ते तर फारच श्रद्धेने म्हणायचे. अर्ध्यावर त्यांची स्क्रीन झोपली. त्यांनी ती उठवली आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. सोनालीने फोन स्पीकरवर टाकून डबा उघडला. आम्हीही उघडले.

मधेच आवाज थांबला. "थांबा, बायको जेवायला बोलावते. जेवून येतो."

"अंकल, शेवटची ओळ तेवढी..."

फोन ठेवलेला होता.

जेवून, पडून, चहा घेऊन अंकल आले आणि अखेर ती शेवटची ओळ मिळाली. यादीतल्या एका खोलीला नावच दिलेलं नव्हतं. प्रोग्रॅम नाव शोधायला जायचा आणि तिथेच तोंडावर आपटायचा.

"अंकल, ही एक खोली बिननावाची का ठेवलीत?"

"ती आमच्या आईची. ती भाड्यानं देत नाय."

"मग यादीत कशाला टाकलीत?"

"घरात हाय ना ती," अंकल म्हणाले.

 सोनालीने प्रोग्रॅम बदलला. त्यासाठी व्हर्जन पुन्हा चढवावं लागलं, म्हणजे परबचा दिवस पुन्हा पहिल्यापासून.

*

एव्हाना परबने मासे सोडले होते. ज्या घरी मान असतो त्या घरात जत्रेपर्यंत मासळी शिवत नाहीत. भांडुपला त्याच्या बिल्डिंगच्या जिन्यात रोज कोणाकडे तरी बांगडे तळत असायचे आणि हा नाकाला रुमाल लावून वर चढायचा. ऑफिसात आला की आधी माझ्या डब्यात डोकावून खात्री करायचा.

सोनालीला तेवढं पुरे होतं. आमची एक खोटी साइट असते, तपासायची. तिच्यावर खोटी बुकिंग टाकून बघायची. सोनालीने तिथे एक बुकिंग टाकलं: 'परब आणि मंडळी. शनिवार दुपार. आठ माणसं. जेवण: पापलेट आणि कोलंबी, भरपूर.' परबला दाखवून हसली आणि विसरली.

साइट खोटी होती, पण तिच्यामागची बुकिंगची वही कोणती वापरायची हे एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्या फाइलमध्ये खरी वही लिहिलेली होती.

शनिवारी आम्ही ऑफिसात होतो. सकाळी अंकलचा फोन. "परब कोण तुमच्याकडचा? मी जेट्टीवर उभा हाय. येताय ना जेवायला?"

सरांनी फोन हातात घेतला. "अंकल, ते टेस्टिंग होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे खोटं. खरं नव्हतं."

"मासे खरे हायेत," अंकल म्हणाले. "आंटीनं सकाळी उठून साफ केलेत. आता या."

गेलो. दुसरं काय करणार? खालच्या खोकेवाल्यांपैकी चौघांना आठाचा आकडा भरायला बरोबर घेतलं. मार्व्याहून फेरीबोट पकडली. अंकल जेट्टीवर हाताची घडी घालून उभे होते. त्यांच्या व्हरांड्यात लांब टेबलावर आठ ताटं मांडलेली, आणि मानाची जागा परबला, कारण बुकिंग त्याच्या नावावर.

परबने भात घेतला, वरण मागितलं.

आंटींना वाटलं, काही चुकलं. "मालवणी माणूस ना तुम्ही? पापलेट नको?"

मग परबने सांगितलं. मान, मशाल, वडील, सगळं. तो इतकं बोलताना मी कधी पाहिला नव्हता. अंकलनी खायचं थांबवून ऐकलं. किती घरं आहेत वाडीत, मान चुकला तर काय होतं, मशाल पेटवतो कोण, असं बारीकसारीक विचारलं. म्हणाले, "आमच्यात क्रुसाचा सण असतो, त्यालाबी घरांची पाळी लागते." मग त्यांनी त्यांच्या घरच्या पाळीचं सांगितलं. आंटी आतून केळी घेऊन आल्या, आणि परबच्या ताटात कोणी विचारायच्या आधी तूप पडलं.

सरांनी दोनदा विषय काढायचा प्रयत्न केला. "अंकल, नवीन व्हर्जन कसं वाटतंय?"

"जेवताना नको," अंकल म्हणाले, दोन्ही वेळा.

परतीच्या बोटीत परबचा फोन वाजला. आमच्याच साइटचा मेल होता. 'परब आणि मंडळी, आमचं पापलेट कसं वाटलं? पाचपैकी तारे द्या.'

*

जत्रा रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळची गाडी. गुरुवारी सकाळी परबने व्हर्जन चढवलं, सगळ्या दुरुस्त्या केलेलं, शेवटचं. गुरुवार गेला. कोणाचा फोन नाही. आम्ही त्या साइटकडे वळूनसुद्धा बघत नव्हतो, दृष्ट लागेल म्हणून. शुक्रवारी परब बॅग घेऊनच आला आणि ती टेबलाखाली ठेवली.

दुपारी जेवायच्या आधी साइट झोपली.

ह्या खेपेला चूक कोणाची म्हणावी? अंकलना दुकान एक मिनिटही बंद नको होतं, म्हणून परब सर्व्हर बंद न करता चालत्या सर्व्हरवरच एकावर एक व्हर्जन चढवत होता. नवीन आलं की जुनं निघून जायला हवं. ते जात नव्हतं. प्रत्येक जुनं व्हर्जन आपली जागा अडवून आतच बसलेलं. शेवटी मेमरी भरली आणि सर्व्हरने हात टेकले. दुरुस्त करायचं तर जुनी व्हर्जन का चिकटून बसतात ते शोधायला हवं, सोनालीने बदलायला हवं, मी तपासायला हवं, परबने चढवायला हवं. शनिवार-रविवार सहज जाणार.

सर केबिनमधून बाहेर आले. ते वाईट माणूस नाहीत.  "परब..."

परबने टेबलाखालची बॅग काढून कपाटावर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

सोनाली सरांकडे बघत म्हणाली, "सर, असं नाही चालत हां."

"मग काय करू? नाताळचा सीझन आहे. अंकल आपल्याला सोडतील." सरांनी अंकलना फोन लावला आणि स्पीकर चालू केला, म्हणजे आपण एकटेच वाईट ठरायला नको. "अंकल, साइट बंद पडलीय. सॉरी. पण काळजी करू नका, आमची पूर्ण टीम थांबणार आहे. परबसुद्धा थांबतोय."

"परब? तो मासे न खाणारा?"

"हो, तोच."

"त्याची जत्रा कधी हाय?"

"परवा."

"मग तो तिथं काय करतो?"

सर गडबडले. "अंकल, तुमचीच साइट..."

"ते समजलं. तो गेला नाय तर मशाल कोण धरेल?"

 मग परब म्हणाला, "आमच्या घरात थोरल्याशिवाय कोण नाय धरत, अंकल. चुलतभाऊ मागतोय. एकदा त्याच्या घरी गेला मान की गेला."

"शिरीष," अंकल म्हणाले, सर न लावता. "साइट बंद ठेव."

"अहो पण नाताळची बुकिंग? तुम्हीच म्हणालात, एक मिनिटही..."

"सणाला दुकान बंद ठेवतात. क्रुसाच्या सणाला मी पाहुणे घेतो काय? ह्याच्या गावचा सण हाय. बंद ठेव."

"लोक येऊन बघतील, त्यांना काय दाखवू?"

"पाटी लाव."

"कसली पाटी?"

"लिव. 'जत्रेमुळे बंद आहे. मंगळवारी उघडेल.' खाली माझं नाव टाक, फोन नंबर टाक. एवढंच."

सोनालीने तिथल्या तिथे एक पान लिहिलं. पांढरं पान, काळी अक्षरं, दोन ओळी, नाव, नंबर. त्याला डेटाबेस नाही, फोटो नाही, तारीख-वार मोजणं नाही. परबने बॅग खांद्याला लावूनच उभ्याने सर्व्हर बंद केला, आतली सगळी जुनी व्हर्जन काढली, ते एक पान ठेवलं आणि चालू केलं. पहिल्या फटक्यात आलं. माझ्या मशीनवर आलं, सोनालीच्या फोनवर आलं, मनोरीला अंकलच्या फोनवर आलं.

सर स्क्रीनकडे बघत राहिले. "परब, टेस्ट केलं का?"

परब जिन्यात पोचला होता.

मंगळवारी सकाळी तो आला. तळहातावर मशालीच्या तेलाचे दोन फोड होते. त्याने ते कोणाला दाखवले नाहीत आणि कोणापासून लपवलेही नाहीत. माझ्या टेबलावर प्रसादाची पुडी ठेवली, एक सोनालीला दिली, एक केबिनमध्ये दिली. तोवर सोनालीने दुरुस्त केलेलं व्हर्जन तयार होतं. परब खुर्चीवर बसला, फाइल घेतली, आणि मनोरीचा फोन आला. सरांनी स्पीकर लावला.

"अंकल, पाचच मिनिटं. आता नवीन चढवतोय."

"कशाला?"

"म्हणजे? जत्रा झाली ना. पाटी काढतो."

"काढू नका. चांगलं चाललंय. लोक पाटी बघतात, फोन करतात, जत्रेचं विचारतात, मग खोली घेतात. नाताळच्या सगळ्या भरल्या."

सरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही त्यांच्याकडे. मग त्यांनी घसा साफ करून विचारलं, "अंकल, म्हणजे हे व्हर्जन... तुमचा होकार समजू?"

"होकार," अंकल म्हणाले. "फक्त जत्रा कुठल्या गावची, तेवढं खाली लिवा. फोनवर सांगून सांगून माझा घसा बसला."